पाहायला नव्हे, राहायला

(शिरूर अनंतपाळ येथे ३ जानेवारी रोजी, सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरींनो,

मला बोलावणं आलं तेव्हा विषय दिला होता ‘मुलींचं उच्च शिक्षण’. या विषयावर भाषण करणं फार सोपं आहे. सावित्रीबाईंचं नाव घ्यायचं, त्यांच्या अंगावर फेकलेलं शेण आठवायचं, चार टाळ्या घ्यायच्या आणि शाल-नारळ घेऊन गाडीत बसायचं. आज तसं करायचं नाही असं मी ठरवून आले आहे.

गेल्या महिन्यात कामानिमित्त मी तालुक्यातल्या एका गावात होते. ओसरीवर बसलो होतो. त्या घरची मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली. मार्क चांगले होते. नांदेडला प्रवेश घ्यायचं तिच्या मनात होतं. घेतला नाही. वर्ष घरीच गेलं. आता पाहुणे येऊन पाहून गेले आहेत. तिच्या आईनं मला चहा दिला आणि विचारलं, “बाई, तुम्ही सारख्या म्हणता पोरीला नांदेडला पाठवा, पाठवा. पर तिथं हाय तरी काय असं?”

त्या मावशीनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती दोनदा नांदेडला गेलेली आहे. एकदा गुरुद्वारा बघायला, एकदा दवाखान्यात. म्हणजे शहर तिनं पाहिलंय, पण तिथं माणूस राहतो कसा, पोरगी राहते कशी, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. गाडीत बसल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. म्हणून आजचं भाषण म्हणजे त्या मावशीला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. शिक्षणाचं गाव आपल्यापासून किती लांब आहे, यावर कोण शिकणार हे ठरतं. आपल्या पणज्या-आज्यांच्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मोठं शिक्षण म्हणजे हैदराबाद. तिथलं उस्मानिया विद्यापीठ, आणि शिकायचं ते उर्दूतून. घरातला एखादा मुलगा, तोही खात्यापित्या घरचा, तेवढा जायचा. मुलीचा विचारच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. पुढं दहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हैदराबादपेक्षा भाषेनं जवळचं होतं, पण एसटीनं दिवस मोडायचाच. मग १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूर, परभणी आणि नंतर वेगळा झालेला हिंगोली, हे चार जिल्हे त्याच्याकडं आले. लातूरला उपकेंद्र झालं.

म्हणजे बघा, हैदराबाद, औरंगाबाद, नांदेड, लातूर. विद्यापीठ पायरी पायरीनं आपल्या दाराकडं चालत आलं आहे. आपला शिरूर अनंतपाळसुद्धा १९९९ मध्ये तालुका झाला. सरकार जवळ आलं, कॉलेज जवळ आलं. आता आपल्या उंबऱ्यापासून एसटी स्टँडपर्यंतचं अंतर उरलं आहे, आणि तेच सगळ्यांत लांबचं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण विद्यापीठाच्या सोहळ्यांतल्या भाषणांत ती राहून जाते. ही विद्यापीठं आपल्याला फुकट मिळालेली नाहीत. औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, एवढ्या मागणीसाठी १९७८ मध्ये मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेडचं विद्यापीठ निघालं. त्या जाळपोळीत कोणाची भांडी, कोणाचं धान्य, कोणाची लेकरं उघड्यावर आली? बायांचीच. तेव्हा विद्यापीठाच्या दारात उभी राहणारी कोणतीही पोरगी पाहुणी नाही. त्या दारासाठी आपल्यासारख्या बायांनी किंमत मोजलेली आहे.

आता मावशीचा प्रश्न. नांदेडला आहे तरी काय?

इथून अहमदपूर, लोह्यावरून गाड्या बदलत गेलं की गोदावरी ओलांडायच्या आधी विष्णुपुरी लागते. विद्यापीठ तिथं आहे. गोदावरीवरचं धरणही तिथंच आणि १९८१ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेजही तिथंच. नदी ओलांडली की जुनं नांदेड. तिथं सचखंड गुरुद्वारा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा नांदेडला अंत झाला, त्या जागी महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधलेलं. दसऱ्याला आणि होळीला तिथं मिरवणुका निघतात, पंजाबातून माणसं येतात. आपण दर्शन घेऊन, लंगरमध्ये जेवून परत येतो.

पण तिथं शिकायला राहणाऱ्या पोरीसाठी लंगर म्हणजे काय असतं, ते मी तुम्हाला सांगते. २०११ मध्ये मी नांदेडला शिकायला गेले. महिनाअखेरीला पैसे संपले की आम्ही तिघी-चौघी मैत्रिणी चालत गुरुद्वाऱ्यात जायचो. डोक्यावर ओढणी घ्यायची, पंगतीत बसायचं. तू कुणाची, कुठल्या जातीची, एकटी कशी आलीस, हे कुणी विचारत नाही. पोटभर डाळ-रोटी मिळते. जेवण झालं की आम्ही भांडी घासायला बसायचो. आपल्या गावात कुणाच्या घरी भांडी घासायची म्हटलं तर कमीपणा वाटतो. तिथं शेजारी घरंदाज सरदार माणूस बसून भांडी घासत असायचा. भांडी घासणं हे बाईचं काम नाही, नुसतं काम आहे, हे मला पुस्तकाआधी तिथं कळलं.

नदीवर घाट आहेत. नगिना घाट, बंदा घाट. तीन बाजूंनी गोदावरी असलेला नंदगिरीचा किल्ला आहे. नरहर कुरुंदकर जिथं शिकवायचे आणि पुढं प्राचार्य झाले, ते पीपल्स कॉलेज आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आपला तिरंगा झेंडा तयार होतो, आणि त्याची खादी आपल्या उदगीरकडं विणली जाते. मोंढा आहे, सिनेमा आहेत, रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या अभ्यासिका आहेत. भाषेचं तर विचारू नका. एका ऑटोत मराठी, दखनी, तेलुगू आणि पंजाबी एकदम ऐकू येतात.

हे सगळं आहे. पण मैत्रिणींनो, तिथं गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मला एक गोष्ट दिसली. शहर मुलांना वेगळं भेटतं आणि मुलींना वेगळं. माझ्या वर्गातली मुलं संध्याकाळी घाटावर बसायची, चौकात चहा प्यायची. कुठल्या सरांचं व्याख्यान कुठं आहे, कुठं जागा निघाली आहे, कुठला फॉर्म कधी भरायचा, हे त्यांना त्या चहाच्या टपरीवर कळायचं. आम्ही सातच्या आत खोलीवर. मालकीणबाईंचा नियमच तसा होता. साताला कडी लागायची. सगळी व्याख्यानं, नाटकं, कवितेचे कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. पहिल्या वर्षी मी अनेक व्याख्यानांची सुरुवात ऐकली, शेवट एकाचाही ऐकला नाही.

घाटावर एकटी बाई बसली की माणसं दोनच गोष्टी समजतात. एक तर ही कुणाची तरी वाट बघतेय, नाही तर हिला जीव द्यायचाय. नुसतं पाण्याकडं बघत बसायला बाईला सवड असू शकते, हे अजून आपल्याकडच्या शहरांना पटलेलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मी पूर्वी कुठल्या व्यासपीठावर सांगितलं नव्हतं. त्या पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर गावाहून परत येताना गाडीला उशीर झाला. स्टँडवर उतरले तेव्हा अंधार पडला होता. एक माणूस मागं लागला. ऑटो मिळेना म्हणून मी चालत निघाले, तो गल्लीपर्यंत आला. तोंडानं काहीबाही बोलत होता. गल्लीच्या तोंडावर एक बांगड्यांचं दुकान होतं, तिथल्या म्हाताऱ्या खालांनी मला पाहिलं, हाताला धरून आत बसवलं आणि त्याला अशा शिव्या घातल्या की तो पळाला. मग त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. खोलीवर मालकीणबाईंनी उशीर झाला म्हणून बोलून घेतलं, ते वेगळंच.

रात्री घरी फोन केला. आई म्हणाली, नीट पोचलीस का? मी म्हणाले, हो, नीट पोचले.

त्या दिवसानंतर तो माणूस आणखी दोन-तीनदा दिसला. मी रस्ता बदलला. लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. कॉलेजात कुणाला सांगितलं नाही, पोलिसांना सांगितलं नाही, घरी तर नाहीच. का? त्या माणसाची भीती होतीच. पण त्याच्यापेक्षा मोठी भीती होती ती ही, की घरी कळलं तर मला परत बोलावून घेतील. चूक त्याची, आणि शिक्षण माझं बंद होईल.

पुढं नोकरी लागल्यावर, लग्नानंतर, एकदा मी आईला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तवाच सांगायचं होतंस की ग.” मी विचारलं, “सांगितलं असतं तर काय केलं असतंस?” माझी आई खोटं बोलत नाही. ती म्हणाली, “बोलावून घेतलं असतं.”

मावश्यांनो, मी आईला दोष देत नाही. तिच्या हातात तेवढंच होतं. पण आज दहा-बारा वर्षं मी मुलींबरोबर काम करते आहे, वसतिगृहातल्या, खोली करून राहणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या पोटात मला हीच गाठ सापडते. वर्गातल्या कुणी त्रास दिला, ऑटोवाल्यानं अंगाला हात लावला, मेसमधल्या जेवणानं आजारी पडली, परीक्षेत एक विषय राहिला, कुणावर मन जडलं आणि आता ते सोडवत नाही, यातलं काहीही घरी सांगता येत नाही. सांगितलं की एकच उत्तर, “ये परत.” आणि ज्या पोरीला घरी सांगता येत नाही, तिला त्रास देणाऱ्यांचं फावतं. त्यांना हे बरोबर माहीत असतं. आपण समजतो की आपल्या धाकानं पोरगी सुरक्षित राहते. उलट आहे. आपल्या धाकानं ती एकटी पडते.

आता मुलांकडं बघू. लातूर आपल्याला जवळ, म्हणून लातूरचं सांगते. लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या महाराष्ट्रात झालं. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, शिकवण्या, मेरिट. त्या पॅटर्नवर खूप लिहिलं गेलं. पण त्यात एक नाव राहून गेलं, ते तुमचं. सकाळी पहिल्या एसटीनं लातूरला डबे जातात, ते तुम्ही पाहिलेत. पिशवीवर नाव लिहिलेलं असतं. त्या डब्यासाठी पहाटे चारला चूल कोण पेटवतं? कितीतरी आया शेत-घर सोडून लातूरला एक खोली घेऊन दोन दोन वर्षं राहतात, पोराला गरम भाकरी मिळावी म्हणून. मला त्यांचं कौतुक आहे. पण खोली करून राहिलेल्या अशा आयांना मी विचारत असते, ही खोली कुणासाठी? बहुतेक वेळा उत्तर येतं, मुलासाठी. मुलगी असेल तर ती त्याच खोलीत भावाचा डबा भरायला असते. पोराच्या बारावीसाठी घर लातूरला हलतं आणि पोरीच्या बारावीनंतर पोरगी सासरी हलते. हे आपण केलेलं आहे, सरकारनं नाही.

आणि अडचण आली की पहिला बळी कोणाचा? २०१६ चा दुष्काळ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. मी तेव्हा लातुरात होते. टँकर येत नाही म्हणून खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. मुलं मित्राच्या खोलीवर, नातेवाइकाकडं कशीबशी सोय करून राहिली. मुली गावी गेल्या. पाळीच्या दिवसांत एक बादली पाण्यात कसं भागवायचं, हे कुणाला बोलून दाखवायचीही सोय नव्हती. पाऊस पडल्यावर त्यातल्या काही परत आल्या. ज्या आल्या नाहीत, त्यांची मोजदाद कुठंही नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, सगळं कबूल, पण पैसा? बरोबर आहे. तर थोडं कामाचं सांगते, घरी जाऊन पोरीला सांगा.

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी राज्य सरकारनं पूर्ण माफ केली आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना शिष्यवृत्ती आधीपासून आहे. पण फी माफ म्हणजे खर्च माफ नव्हे. खोली आणि जेवण उरतंच. त्यासाठी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करायचा. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींना स्वाधार योजना, इतर मागास वर्गाला आधार योजना, आदिवासी मुलींना स्वयम् योजना, असे पैसे मिळतात. अर्जाच्या तारखा असतात, त्या चुकवू नका. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला बारावीच्या निकालाआधी काढून ठेवा. निकालानंतर तहसीलसमोर रांग लागते आणि दाखला हातात पडेपर्यंत प्रवेश संपतो. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. त्या अर्ध्या तिकिटात तीर्थाला जातो, तशी एक फेरी पोरीचं कॉलेज आणि वसतिगृह बघायला करा. बापाला पाठवू नका, स्वतः जा. संडास कुठं आहे, कडी आतून लागते का, पाणी किती वेळ येतं, रात्री ताप आला तर कोण बघतं, हे बाईच विचारू शकते.

त्रास झाला तर काय? २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१५ चा नियम आहे. प्रत्येक कॉलेजात तक्रार समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष बाई असली पाहिजे. प्रवेशाच्या दिवशीच विचारा, समितीत कोण आहे, नाव आणि फोन द्या. पन्नास आयांनी विचारलं तर भिंतीवरच्या कागदावरची समिती खरी होईल. आणि ११२ आणि १८१ हे दोन नंबर पोरीच्या फोनमध्ये आपल्या हातानं घाला.

मागण्याही केल्या पाहिजेत. तालुक्याच्या ठिकाणाहून कॉलेज सुटल्यावर गावाकडं जाणारी गाडी वेळेवर पाहिजे. स्टँडवर दिवा आणि स्वच्छ संडास पाहिजे. मुलींच्या वसतिगृहाला मुलांसारखीच वेळ पाहिजे. जगाच्या वाईटपणासाठी मुलींनाच कोंडून ठेवायचं, हा कुठला न्याय? ग्रामसभेत, महिला सभेत हे ठराव घाला.

पण या सगळ्या मागण्यांच्या आधी एक मागणी माझी तुमच्याकडं आहे. तिला पैसा लागत नाही, दाखला लागत नाही. पोरगी एसटीत बसेल तेव्हा तिला एक वाक्य सांगा. “काहीही झालं तरी मला सांग, मी तुला परत बोलावणार नाही.” एवढं वाक्य माझ्या आईनं मला दिलं असतं, तर मी वर्षभर लांबच्या रस्त्यानं गेले नसते. त्या माणसाचं नाव-गाव काढलं असतं. तेव्हा मला जे मिळालं नाही ते एका बांगडीवाल्या खालांनी दिलं, माझी कुणी नसताना.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. नांदेडला गुरुद्वारा आहे, नदी आहे, विद्यापीठ आहे, आणि मागं लागणारी माणसंही आहेत. ती शिरूरलाही आहेत, फक्त इथं आपण त्यांना नात्यानं हाक मारतो. तिथं हात धरून दुकानात बसवणारी खालाही आहे. शहर देवळासारखं पवित्र नाही आणि जंगलासारखं भयंकरही नाही. ती राहायची जागा आहे. पोरगी तिथं राहील, चुकेल, पडेल, रस्ते शिकेल, भांडायला शिकेल. नुसतं पाहायला पाठवलं तर ती पाहून परत येईल. राहायला पाठवलं तर तिचं स्वतःचं काही तरी होईल.

ती मावशी आज इथं आलेली नाही. तिच्या लेकीची सोयरीक अजून पक्की झालेली नाही, एवढं मला माहीत आहे. मुलगी अठरा पूर्ण आहे, त्यामुळं कायदा तिथं काही करू शकणार नाही. करू शकलो तर आपणच. मेळावा संपल्यावर मी त्यांच्या घरी जाणार आहे. माझ्याबरोबर तुमच्यातल्या दोघी-तिघी आल्या तर बरं होईल. मी बाहेरची आहे, तुम्ही शेजारच्या आहात. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

कोण येतंय?